शेवटी घेतलेलं नाव

कोल्हारच्या शाळेत मी एकतीस वर्षं शास्त्र शिकवलं. पुस्तकावर विज्ञान छापलेलं असायचं, मी शास्त्रच म्हणत राहिले. पचनसंस्थेचा धडा आला की मी फळ्यावर रंगीत खडूने अन्ननलिका काढायचे आणि नेमकी तेव्हाच वर्गात कोणाला तरी उचकी लागायची. मग मागच्या बाकांवरून कुजबुज सुरू. आईचं नाव घे, मामाचं घे, आत्याचं घे. उचकी लागली म्हणजे कोणीतरी आपली आठवण काढतंय, आणि ज्याचं नाव घेतल्यावर ती थांबेल तोच तो आठवण काढणारा, हे ज्ञान आपली मुलं शाळेत येण्याआधीच घेऊन येतात. मी खडू खाली ठेवायचे आणि अख्ख्या वर्गाकडून म्हणून घ्यायचे, "उचकी म्हणजे श्वासपटलाचं अचानक होणारं आकुंचन."

एकदा एका चुणचुणीत मुलीने विचारलं, "बाई, मग नाव घेतल्यावर थांबते कशी?"

मी म्हणाले, "कोणतीही उचकी थोड्या वेळाने थांबतेच. तेवढ्यात तू दहा नावं घेतेस. दहाव्याला थांबली की तुला वाटतं दहावा खरा. शेवटचं नाव नेहमीच बरोबर येतं, कारण त्याच्यापुढे तू नावच घेत नाहीस."

वर्ग हसला. त्या उत्तराचा मला फार अभिमान वाटला होता. हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जो मूर्खपणा सांगायचा आहे तो अडाणीपणातून झाला असं कोणी म्हणू नये.

माझं नाव शोभा जोशी, वय सदुसष्ट. नगर-मनमाड रस्त्यापासून चार घरं आत माझं तीन खोल्यांचं घर आहे. माझे यजमान नृसिंह तीन वर्षांपूर्वी गेले. एकुलती एक मुलगी मधुवंती पुण्याला कॉलेजात शिकवते. पुणे इथून बसने चार-साडेचार तास. त्या तीन वर्षांत ती एकदाही आली नव्हती आणि मीही गेले नव्हते.

त्याला कारण माझी जीभ. नृसिंह गेले त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या छातीत जळजळत होतं. मी म्हणाले, पित्त आहे, काल भरीत चापून खाल्लंत, होणारच. आमसुलाचं सार करून दिलं. दुपारी साडेतीनला ते आरामखुर्चीतच गेले. पित्त नव्हतं, हार्ट अटॅक होता. मधू पुण्याहून आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून दुखत होतं?" मी म्हणाले, "झाला असेल तासभर." साराचं पातेलं ओट्यावर तसंच होतं, त्यावर साय धरावी तसा थर आला होता. तिने ते पाहिलं.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर ती म्हणाली, "आई, तू उशीर केलास. एवढं एकदा कबूल कर, मी पुन्हा कधी विचारणार नाही." मी कबूल केलं नाही. उलट म्हणाले, "मला शहाणपण शिकवायचं असेल तर या घरी येऊ नकोस." ती माझीच मुलगी, आली नाही. दिवाळीला मोबाईलवर पणतीचं चित्र यायचं, खाली एक अक्षर नसायचं. मीही उलट एक पणती पाठवायचे.

आता छबूबाईबद्दल सांगते. ती माझी शेजारीण, मधे फक्त कमरेएवढी भिंत. दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीत पडले आणि उजवं मनगट मोडलं, तेव्हापासून मला भाकरी थापता येत नाही. म्हणून छबूबाई रोज अकरा वाजता भिंतीवरून दोन गरम भाकऱ्या देते, आणि मी तिच्या नातीला, सृष्टीला, संध्याकाळी गणित शिकवते. तिची अडीच एकर जमीन आहे, ऊस आणि कांदा, ते तिचा मुलगा सुनील बघतो. तिचे यजमान सहादेव सात वर्षांपूर्वी गेले. कशाने गेले ते मी कधी नीट विचारलं नव्हतं. घशाचं काहीतरी झालं होतं, एवढंच कानावर होतं. तीस वर्षांचा शेजार, आणि एवढंच कानावर होतं.

श्रावणातल्या एका मंगळवारी मी जेवायला बसले. भाकरीचा दुसरा की तिसरा घास छातीच्या हाडामागे कुठेतरी थांबला. दुखलं नाही, नुसता थांबला. मी पाणी प्याले, तो हळूहळू उतरला आणि मागोमाग उचकी लागली. घरात कोणी नव्हतं. असतं तर मी पुढचं केलंच नसतं. मी नावं घ्यायला लागले.

सुरुवातीला गंमत म्हणूनच. गेलेली माणसं यात धरत नाहीत, त्यामुळे नृसिंह बाद झाले, माझे आईवडील बाद झाले, आणि आपली यादी किती आखूड झाली आहे हे तेव्हा कळलं. बहिणीचं नाव घेतलं, भावजयीचं घेतलं, शाळेतल्या दोघींचं घेतलं. निवृत्त हेडमास्तरांचंही घेतलं, त्यांनी माझी आठवण काढायचं काही कारण नव्हतं. शेवटी म्हणाले, "मधू." उचकी थांबली.

मी उष्ट्या हाताने तशीच बसून राहिले आणि रडले. तीन वर्षांत मी तिचं नाव मोठ्याने घेतलं नव्हतं. घरात ते ऐकू आल्यावर कोणी आल्यासारखं वाटलं.

मग ते रोजचंच झालं. पहिल्या दोन-तीन घासांत काहीतरी अडायचं, मग ठसका नाही तर उचकी. ठसका लागला की टाळूवर थापटतात, वर बघ म्हणतात. थापटायला कोणी नव्हतं, मी माझ्याच हाताने थापटून घ्यायचे. पण मला त्याचा त्रास वाटेना. मला ती जेवणाची वेळ यावीशी वाटायला लागली. एखाद्या दिवशी घास सरळ उतरला तर मी हिरमुसायचे, आज पोरगी कामात असेल म्हणायचे, आणि भाकरीचा कडेचा कडक पापुद्रा मुद्दाम मोठा तोडून खायचे.

आणि लबाडी अशी, की मी मधूचं नाव शेवटी घ्यायचे. उचकी ओसरायला लागली की आतून आधी समजतं. तसं समजलं की मी तिचं नाव घ्यायचे. जी चलाखी मी वर्गाला उकलून दाखवली होती ती मी स्वतःशीच रोज साडेअकराला करत होते, आणि फसतही होते. एकटं माणूस काय करील याचा नेम नाही.

नवरात्रानंतर भाकरी उतरेनाशी झाली. मी ती दुधात कुस्करायला लागले. म्हटलं, दात गेलेत, वय झालं. दिवाळीत तेही जड जायला लागलं, मग मऊ भात. छबूबाईला भाकरी नको म्हणावं तर ती दहा प्रश्न विचारणार. म्हणून मी भाकऱ्या घ्यायचे आणि ती आत गेली की भिंतीपलीकडे बांधलेल्या तिच्याच गाईपुढे टाकायचे. म्हणजे भाकरी जिथून यायची तिथेच परत जायची, फक्त वाटेत माझं एक खोटं घेऊन जायची.

हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. ब्लाउज टाचून घातले. रुपाली नावाची माझी एक जुनी विद्यार्थिनी देवळात भेटली, म्हणाली, "बाई, किती बारीक झालात, काय करता?" मी म्हणाले, "चालते रोज." तिने मैत्रिणींना सांगितलं, बघा या वयात बाईंनी वजन कसं उतरवलंय. मीही ते कौतुक घेतलं.

लाज वाटते ती याची, की मला सगळं माहीत होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर आरोग्य खात्याचा एक तक्ता होता, कर्करोगाच्या धोक्याच्या खुणांचा. गिळायला त्रास होणं. कारण नसताना वजन घटणं. शौचातून रक्त जाणं किंवा शौचाच्या सवयीत बदल होणं. बरेच दिवस न जाणारं अपचन. मी तो दरवर्षी मुलांकडून पाठ करून घ्यायचे, तोंडी परीक्षेत विचारायचे, आणि चुकलं तर पाच वेळा लिहायला लावायचे. माघात मी पेजेवर आले होते, बारा किलो उतरले होते, आणि त्या तक्त्यातली एकही ओळ मला स्वतःला लागू आहे असं मी मनाशी म्हटलं नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला दिसतं, ही माझी ख्याती आहेच.

एका सकाळी छबूबाई भाकऱ्या हातात धरून भिंतीपाशी उभी राहिली, दिल्या नाहीत.

"बाई, माझी गाय रोज तुमच्या भितीपशी का हंबरती?"

"मला काय विचारतेस? तुझी गाय."

"साडेअकराच्या ठोक्याला हंबरती. म्या काल लपून बगितलं."

मी म्हणाले, "एखादा तुकडा उरतो, तो टाकते."

"दोन भाकरी मंजी एखादा तुकडा व्हय?"

ती पुढच्या दाराने आत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून बसली. म्हणाली, "माज्या म्होरं खावा." मी चिडले. पण ती हलेना. मी हट्टाला पेटून चांगला मोठा घास घेतला. तो अडकला. मी छातीवर मूठ दाबली, पाणी प्याले, ते नाकातोंडातून परत आलं, आणि उचकी लागली. छबूबाई सगळं बघत होती. घाबरली नाही, धावलीही नाही, नुसती बघत होती.

"कवापासून?" तिने विचारलं.

"झाले असतील पंधरा दिवस."

"गाय दिवाळीपासून हंबरती, बाई."

मग ती बोलायला लागली. सात वर्षांत मी जे विचारलं नव्हतं ते तिने न विचारता सांगितलं.

"आमच्या मालकाला आदी भाकर अडकाया लागली. मंग आमी दुदात कुस्करून दिली. मंग भात. मंग पेज. मंग पानीबी उतरंना. पायऱ्या हायेत त्याच्या. म्या समद्या मोजल्यात. तुमी कितव्या पायरीव हाय तेवडं सांगा."

"त्यांना तंबाखू होती. मी कधी सुपारी खाल्ली नाही. आणि मी शास्त्र शिकवलंय, छबूबाई."

"व्हय," ती म्हणाली. "तुमी शिकवलंय. म्या बगितलंय."

तेव्हा मी ते बोलून गेले जे कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणाले, "तुला कळत नाही. ही उचकी दुखण्याची नाही. श्रावणापासून मधू माझी आठवण काढते. तिचं नाव घेतलं की थांबते."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. पदराने तिने भाकरीवरची माशी हाकलली आणि म्हणाली, "मालकालाबी लागायची. आमी समदं घर नावं घ्यायचो. भनीचं, मेव्हन्याचं, कारखान्यातल्या सोबत्याचं. सुनील तर शिनेमातल्या बायांची नावं घ्यायचा. लई हसायचो आमी. सा म्हैनं त्या हसन्यात गेलं, बाई."

ती भाकऱ्या परत घेऊन गेली. जाताना गाईपुढे टाकून गेली.

तिने त्या रोगाचं नाव घेतलं नाही. आमच्याकडे घेत नाहीत, नाव घेतलं की घरात येतो म्हणतात. मीही घेतलं नाही. एवढी नावं घेतली होती, तेवढंच एक राहिलं होतं.

खरं सांगायचं तर मला भीती मरणाची नव्हती. म्हणजे होती, पण ती दुसऱ्या नंबरला. छबूबाई म्हणते ते खरं असेल, तर या सात महिन्यांत मधूने माझी एकदाही आठवण काढली नव्हती. मी जिच्याबरोबर रोज जेवत होते ती तिथे नव्हतीच. डॉक्टरकडे जायचं म्हणजे हे खोटं आहे असं सही-शिक्क्यानिशी लिहून आणायचं. आणि दुसरी गोष्ट, डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, कधीपासून. त्या प्रश्नाचं उत्तर मी एकदा खोटं दिलं होतं आणि त्यात माझी मुलगी गेली होती. दोन दिवस मी दाराला आतून कडी लावून बसले. छबूबाईने दार वाजवलं तर झोपले आहे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ती नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊनच आली. म्हणाली, "उपाशीपोटी यायला सांगितलंय. सुनीलनं नगरच्या दवाखान्यात फोन करून इचारलंय. गाडी आठाची हाय." मी म्हणाले, मी येणार नाही. ती पायरीवर बसली. म्हणाली, "मंग मीबी जात न्हाई. बसते हितंच." आणि बसली. शेजारच्या बायका बघायला लागल्या तेव्हा मी चप्पल घातली. लोक काय म्हणतील याचा आयुष्यात एवढा एकच उपयोग झाला.

गाडीवर पाटी अहिल्यानगरची होती, कंडक्टर नगर नगर ओरडत होता. राहुरीला निम्मी गाडी उतरली. मला खिडकी मिळाली, पण बाहेर काय होतं ते आठवत नाही.

दवाखान्यात माझ्या शेजारी वांबोरीकडचा एक माणूस बसला होता. वर्षभर शौचातून रक्त जात होतं, आणि रक्त म्हणजे मूळव्याधच असं गावात सगळ्यांनी ठरवून टाकल्यामुळे तो वर्षभर झाडपाल्याची पुडी घेत होता. आता त्याच्या आतड्यात गाठ निघाली होती. मी मनात म्हटलं, काय हा अडाणीपणा. मग माझं मलाच कळलं आणि मी भिंतीकडे बघत बसले.

डॉक्टर तरुण मुलगी होती, अश्विनी नावाची. तिने मला आजी म्हटलं, ते मला आवडलं नाही.

"कधीपासून अडकतंय, आजी?"

"पंधरा-वीस दिवस झाले."

मागून आवाज आला, "खोटं बोलत्यात. श्रावनापासून."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. एकतीस वर्षं मी ज्यांना तशी मान खाली घालायला लावली ती सगळी पोरं मला तेव्हा आठवली.

घशात औषध फवारून त्यांनी दुर्बीण आत घातली. ते झाल्यावर डॉक्टरने मला समोर बसवलं आणि कागदावर चित्र काढून दाखवायला लागली. एक सरळ नळी आणि तिच्या टोकाला एक वाटोळं. मी न राहवून म्हणाले, "जठर असं वाटोळं नसतं, ते डावीकडे वळतं." छबूबाई म्हणाली, "बाई शाळंत शिकवायच्या." मग डॉक्टरही मला बाई म्हणायला लागली. तिने जठर खोडून नीट काढलं आणि नळीच्या खालच्या बाजूला पेनाने एक काळा डाग केला.

"इथे गाठ आहे, बाई. निम्म्याहून जास्त वाट बंद झाली आहे. तुकडा तपासायला पाठवलाय, रिपोर्ट सोमवारी येईल. तोवर मी नाव घेणार नाही. पण दिसायला चांगली नाही." मग तिने विचारलं, "उचक्या लागतात का?"

"लागतात," मी म्हणाले.

"लागणारच. अन्ननलिका श्वासपटलातून खाली जाते. गाठ त्याच्या जवळ आहे. ती चाळवली की श्वासपटल आकुंचन पावतं."

तो माझाच धडा होता. शब्दसुद्धा तेच होते. मी हसले आणि मग मला काही दिसेना, तेव्हा छबूबाईने तिच्या पदराने माझा चष्मा पुसला. डॉक्टरला वाटलं मी गाठीसाठी रडते आहे. ती समजावत राहिली की पाणी अजून उतरतंय, उपचार आहेत, करण्यासारखं बरंच आहे. श्रावणात आला असतात तर आणखी बरंच होतं, हेही म्हणाली. ते तिने म्हटलं हे बरं केलं.

"घरचं कोण आहे बरोबर?"

"मी हाय की," छबूबाई म्हणाली.

"तुम्ही कोण यांच्या?"

"शेजारीन."

"मुलंबाळं?"

मी म्हणाले, "एक मुलगी आहे."

"त्यांना बोलवून घ्या. हे एकटीने निभावण्यासारखं नाही."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता छबूबाईने भिंतीवरून पातेलं दिलं. म्हणाली, "आज भाकर न्हाई. पेज हाय." मग म्हणाली, "फोन केला का?" मी म्हणाले, करते. ती म्हणाली, "तुमच्या 'करते'वर इस्वास न्हाई," आणि भिंतीपाशीच लसूण सोलत बसली.

मी मोबाईल घेऊन नृसिंहांच्या आरामखुर्चीत बसले. कॉलेजची मधली सुट्टी बाराला होते हे मला माहीत होतं, ती नोकरीला लागली तेव्हाच तिने सांगितलं होतं. उत्तर मी तयार ठेवलं होतं. पंधरा दिवस. फार तर महिना. डॉक्टरला सांगायला तिथे छबूबाई होती, इथे कोणी नव्हतं. पंधरा दिवस म्हटलं की मुलगी येईल, रागावणार नाही, आणि बाबांचा विषय निघणार नाही. आयुष्याचे राहिलेले दिवस तेवढ्यात निघून जातील.

बारा वाजून पाच मिनिटांनी मी नंबर लावला.

"आई?"

तीन वर्षांनी ऐकला तो शब्द. मी म्हणाले, "हो."

"काय झालं?"

"काल नगरला जाऊन आले. अन्ननलिकेत गाठ आहे. कॅन्सर असावा, रिपोर्ट सोमवारी येणार आहे." नाव मी सरळ घेतलं. काही झालं नाही, छत कोसळलं नाही. तिच्याकडे मागे मुलांचा गलका चालू होता, मग दार लागल्याचा आवाज आला आणि गलका थांबला.

"कधीपासून?" मधूने विचारलं.

आवाज तसाच होता, त्या दिवशीचा. पंधरा दिवस हे माझ्या ओठावर होतं. समोर ओट्यावर पेजेचं पातेलं होतं, त्यावर साय धरत होती.

"श्रावणापासून," मी म्हणाले.

"श्रावण म्हणजे सात महिने, आई."

"हो. मी उशीर केला." आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही बोलले. "बाबांच्या वेळीही मीच केला. त्यांना सकाळी साडेसातपासून दुखत होतं. मी तुला तासभर म्हणाले होते."

कट झाला का म्हणून मी फोन कानापासून काढून बघितला. चालू होता.

मग ती म्हणाली, "तू थांबलीस? तू? तो तक्ता तू आम्हाला पाच-पाच वेळा लिहायला लावायचीस." तीही माझ्याच वर्गात होती, तिलाही लिहायला लावलं होतं. "का थांबलीस?"

"घास अडकला की उचकी लागायची. तुझं नाव घेतलं की थांबायची. मला वाटलं, तू आठवण काढतेस."

हे सांगताना मला सदुसष्ट वर्षांची मी दिसत होते आणि फार लाज वाटत होती. काढत होते गं आई, असं ती म्हणाली असती तरी चाललं असतं. खोटं म्हणाली असती तरी चाललं असतं.

"नव्हते काढत," मधू म्हणाली. "ठरवून नव्हते काढत. तू मनात आलीस की मी उठून काहीतरी काम काढायचे. भांडी घासायचे, कपाट आवरायचे, खिडक्या पुसायचे. माझं घर फार स्वच्छ आहे, आई."

मला तिचं घर माहीत नव्हतं. मी ते कधी पाहिलंच नव्हतं. पण त्या पुसलेल्या खिडक्या मला तेव्हा दिसल्या, एकूण एक.

पलीकडे ती हसली की रडली ते मला नीट समजलं नाही. मग तिला उचकी लागली. लहानपणापासून रडली की लागते तिला.

"पाणी पी," मी म्हणाले. "आहे का जवळ?"

"श्वासपटलाचं आकुंचन आहे," उचकीतच ती म्हणाली. "थांबेल आपोआप. मी दोनच्या गाडीने निघते."

"नाव घे कोणाचं तरी."

दोन उचक्या तशाच गेल्या. बाहेर छबूबाईची गाय साडेअकराची वेळ चुकली म्हणून हंबरत होती.

"आई," ती म्हणाली.

उचकी काही थांबली नाही.

"पुन्हा घे," मी म्हणाले.